मोरीच्या तोंडावरची भिंत

प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सुरतेत जिकडे तिकडे खणाखणी चालली होती. साथीच्या वेळी लोक गाठोडी घेऊन स्टेशनाकडे पळाले होते. परत आले तेव्हा त्यांना उंदरांपेक्षा गटारांची जास्त भीती वाटत होती. त्या खणाखणीतच मला नोकरी लागली. धुळ्याहून सिव्हिलचा डिप्लोमा करून आलो होतो, नवीन लग्न झालं होतं, आणि गोडादरा वस्तीत थोरल्या भावाच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत आम्ही राहत होतो. डिप्लोमा दादाच्याच जिवावर झाला होता. बारा वर्षं त्याने कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. त्या आवाजात त्याचा एक कान पुरता गेला आणि दुसरा निम्मा.

सुरतेला येण्याआधी दादा गावाकडे गवंडी होता. आमचं गाव खानदेशात, तापीच्याच काठावर. वडील विहिरी बांधायचे आणि दादा त्यांच्या हाताखाली शिकलेला. मला नोकरी लागल्यावर मी शेठला म्हटलं, माझा भाऊ चांगला गवंडी आहे. शेठ म्हणजे ठेकेदार; एका मोठ्या ठेकेदाराकडून छोटी छोटी कामं घेणारा माणूस. तो म्हणाला, "घेऊन ये." अशा रीतीने दादा कारखान्यातून सुटला आणि माझ्या हाताखाली आला. थोरला भाऊ धाकट्याच्या हाताखाली. आम्हा दोघांनाही ते अवघड होतं, पण त्याने कधी दाखवलं नाही.

काम मिळालं ते जुन्या शहरात, नदीकाठच्या देवळांच्या गल्लीत. दीडशे पावलांची गल्ली आणि तिच्यात पाच देवळं. मधलं शंकराचं सगळ्यांत जुनं. गल्ली संपते तिथे दगडी पायऱ्या नदीत उतरतात. सुरतेत त्याला ओवारा म्हणतात, आपल्याकडे घाट म्हणतील. अमावास्येला, पौर्णिमेला लांबलांबून माणसं स्नानाला यायची. गल्लीतले पुजारी तर सांगायचे की हा एवढा तुकडा काशीइतकाच पवित्र आहे. आम्हाला त्या पवित्र तुकड्याखालून सिमेंटचे पाइप टाकायचे होते.

तिसऱ्या दिवशी शंकराच्या देवळासमोर खणताना कुदळ विटेवर आपटली. माती बाजूला केली तर खाली विटांची कमान निघाली. चुन्यात बसवलेल्या पातळ, चपट्या विटा. एकही वीट निघेना. शेवटी दादाने बाजूच्या दगडी झाकणाखाली पहार घातली, चौघांनी ते उचललं, आणि खालून गार हवा आली. मला वाटलं होतं घाण वास येईल. ओल्या मातीचा वास आला, विहिरीत येतो तसा.

आत कोण उतरणार हे कोणी ठरवलं नाही. दादाने सदरा काढला, दोरीला कंदील बांधून आधी तो खाली सोडला. ज्योत नीट जळते हे बराच वेळ बघितलं आणि मग उतरला. कमान एवढीच उंच होती की माणूस गुडघ्यांवर चालू शकेल. तासाभराने तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, ओवाऱ्यावर, पायऱ्यांच्या बाजूच्या एका भोकातून बाहेर आला. अंगभर चिखल, आणि तोंडावर असा आनंद की मी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

गल्लीतले लोक त्याच्यापासून चार हात दूर उभे होते. गटारातून निघालेला माणूस, म्हणून. देवळामागच्या खोलीत एक मासी, म्हणजे गल्लीची मावशी, राहायची. सत्तरीची विधवा बाई, पाय सुजलेले, दिवसभर बसून देवळासाठी कापसाच्या वाती वळायची. ती भिंतीला धरून धरून बाहेर आली आणि तिने स्वतःच्या लोट्याने दादाच्या हातांवर पाणी घातलं. मग त्याला प्यायला दिलं. लोटा परत घेताना तिने तो वेगळा ठेवला नाही, तसाच माठावर ठेवला. दादाने ते बघितलं. त्या दिवसापासून दुपारची भाकर तो तिच्या पायरीवर बसून खाऊ लागला. तिला अहिराणी कळत नव्हती, त्याला धड ऐकू येत नव्हतं, तरी दोघं बोलत असायचे.

दादाने मला ती विटांची मोरी समजावली ती ओल्या वाळूवर बोटाने रेघा काढून. मी डिप्लोमात जे शिकलो होतो ते सगळं त्या विटांत होतं, आणि काही शिकलो नव्हतो तेही. तळ अरुंद, वर रुंद, म्हणजे पाणी थोडं असलं तरी वेगाने धावतं आणि गाळ बसत नाही. प्रत्येक वळणावर एक खोल हौद, गाळ त्यात पडायचा आणि वरचं झाकण काढून उपसायचा. देवळाखाली दगडाची जाळी, अभिषेकाचं पाणी खाली जाईल आणि बेल, फुलं वरच अडकतील अशी. आणि नदीच्या तोंडाशी लोखंडी कांबीवर लटकवलेलं जाड सागवानी झडप. सुरतेपर्यंत समुद्राची भरती येते. भरतीचं पाणी चढलं की झडप आपोआप मिटायचं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडायचं. लाकूड अर्धं कुजलं होतं, तरी हलत होतं. बांधून किती वर्षं झाली कोणालाच ठाऊक नव्हतं. पुजारी म्हणायचे तीनशे, कोणी पाचशे म्हणे.

"हाई मरेल नही शे," दादा म्हणाला. "जित्ती शे. गाळ काढा का पळी पाणी."

मी पुढचे आठ दिवस ती मोरी मोजली. झाकणं उघडून, फूटपट्टी सोडून, उतार काढून एक नकाशा केला. ट्रेसिंग पेपरवर एवढ्या आवडीने मी पुन्हा काही काढलं नाही. तो शेठसमोर पसरला. मला वाटलं होतं तो म्हणेल, शाबास. त्याने नकाशा बघितला, चौकोनी घडी घातली आणि खिशात टाकला.

"हे कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही."

"दाखवू नको. जुनी वस्तू निघाली म्हटलं की कोणीतरी येऊन काम थांबवेल. आपल्याला पाइप टाकायचे आहेत. ही मोरी बंद करायची."

तो नकाशा मला परत मिळाला नाही.

पाइप टाकले. मोरीच्या वरून टाकावे लागले, कारण मोरी फोडायला वेळ लागला असता. वरून टाकल्यामुळे उतार पुरेसा मिळाला नाही. देवळामागचा भाग गल्लीपेक्षा तीन पायऱ्या खाली होता, तिथलं पाणी या पाइपात चढणार नव्हतं. लेव्हल मीच घेतली होती. आकडे मला तोंडपाठ होते. मी शेठला सांगितलं, पण सांगायचं म्हणून, हळू आवाजात. तो म्हणाला, "पुढच्या टप्प्यात बघू." उतार बरोबर असल्याचा कागद त्याने पुढे केला. त्याला हवी ती सही मी केली.

ज्येष्ठात मोरीचं तोंड बुजवायचं ठरलं. तपासणीला साहेब येणार होते, त्याआधी जुनं गटार बंद दिसायला हवं होतं. झडप काढून फेकलं आणि तिथे विटांची भिंत घालायची होती. ते काम मी दादाला दिलं. गवंडी तोच होता.

तो थापी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "मंग पाणी कोठे जाई?"

"नवीन पाइप शे ना."

"त्या पाइपले उतार शे का? तू मोजं ना?"

मी म्हटलं, "दादा, माले काम करू दे. तू भीत बांध."

त्याने बांधली. नऊ इंची, सरळ, एकही वीट वाकडी नाही. माझ्यावर त्याचा राग होता तो त्याने हातात येऊ दिला नाही.

आषाढात पाऊस पडला तेव्हा मासीच्या पायरीशी घोटाभर पाणी दोन दिवस उभं राहिलं. गल्लीतले लोक म्हणाले, असं पूर्वी कधी होत नव्हतं. मी मजुरांकडून बादल्यांनी ते उपसून घेतलं. त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे मी बराच काळ स्वतःला सांगत आलो की मला कळलं नव्हतं.

श्रावणातला सोमवार होता. सकाळपासून पाऊस एका धारेने लागला होता. शंकराच्या देवळात गर्दी, ओल्या कपड्यांतली माणसं आत दाटून उभी. आमचं काम बंद होतं, मजूर देवळाच्या पत्र्याखाली बसले होते. अकराच्या सुमारास गल्लीत गुडघाभर पाणी झालं. लोक हसत होते, चपला हातात घेऊन चालत होते. नदीला पूर नव्हता. पाणी फक्त गल्लीत होतं.

दादा ओवाऱ्यावर जाऊन आला. "ओहोटी लागनी," तो म्हणाला. "आते भीत फोडी टाकी तं घडीभरमा पाणी उतरी." त्याने पहार उचलली होती.

मी त्याचा दंड धरला. "थांब. शेठला विचारतो."

ओवाऱ्याच्या वरच्या रस्त्यावर एक पीसीओ होता. तिथे माझ्याआधी तीन माणसं उभी. मग शेठचा फोन लागेना, मग लागला तर शेठ दुसऱ्या फोनवर. किती वेळ गेला ते मी पुढे अनेकदा मोजून पाहिलं. अर्ध्या तासापेक्षा कमी नक्कीच नव्हता. शेठ म्हणाला, "हात लावू नको. तपासणी अजून व्हायची आहे. पाणी काय, संध्याकाळपर्यंत जाईल."

मी परत आलो तेव्हा गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं, आणि दादा मी उभं केलं होतं तिथेच, पहार घेऊन, उभा होता. मी हाताने खूण केली, नको. देवळात दुपारची आरती चालू होती. घंटा, झांजा, नगारा, सगळं एकदम. आरती संपली आणि एक बाई प्रसादाची वाटी घेऊन देवळामागे वळली. तिथूनच ती ओरडली. मासीच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. तीन पायऱ्या खाली असलेल्या त्या दारावर पाणी छातीपर्यंत चढलं होतं आणि ते बाहेरून दाबून बसलं होतं. चौघांनी ओढलं तरी दार हलेना. आतून आवाज येत नव्हता.

दादाला ओरडणं ऐकू आलं नसावं. त्याने माणसांची धावपळ पाहिली, मासीच्या खोलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. या वेळी त्याने विचारलं नाही. ओवाऱ्याच्या पायऱ्या उतरून तो मोरीच्या तोंडाशी गेला आणि स्वतःच बांधलेल्या भिंतीवर पहार घालू लागला. मी वरून बघत होतो. पाच-सहा घाव घातल्यावर एक वीट निखळली, तिच्यातून पाण्याची चूळ सुटली आणि दुसऱ्या क्षणी अख्खी भिंत बाहेर आली. पाण्याने दादाला उचललं आणि पायऱ्यांवर आपटलं.

गल्लीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरलं. जमिनीखालून घरघर ऐकू येत होती, मोठ्या घशातून घोट घेतल्यासारखी. तीनशे वर्षांची असो की पाचशे, ती मोरी दोन महिने तोंड बांधून ठेवल्यावरही चालत होती. दार उघडलं तेव्हा मासी खाटेजवळ पालथी होती. तिने खाटेवर पाट ठेवला होता, बहुतेक वर चढायला. वळलेल्या वाती सगळ्या खोलीभर तरंगून भिंतींना चिकटल्या होत्या.

दादाचं खांद्याचं हाड मोडलं, हात कायमचा अर्धवट झाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात चौकशीचे साहेब आले. सकाळची वेळ, वॉर्डात उन्हाची तिरीप आलेली. साहेब सज्जन होते, खुर्ची ओढून दादाच्या जवळ बसले. पण ते गुजराती बोलणारे, आणि दादाला दुखण्यात अहिराणीशिवाय काही सुचत नव्हतं. साहेब मला म्हणाले, "तुम भाई हो ना? बताओ क्या बोलता है."

त्याआधीच्या संध्याकाळी शेठ माझ्या खोलीवर आला होता. धमकी दिली नाही. म्हणाला, "लेव्हल कोणी घेतली? सही कोणाची आहे? मला काही होणार नाही. तुझा विचार कर." माझी बायको पलीकडे भाजी चिरत होती. तिला नववा महिना लागला होता.

दादा सगळं सांगत गेला, सावकाश, एकेक शब्द. "भीत मी बांधी. मोरी जित्ती व्हती. मी सांगेल व्हतं, बुजू नका. उतार नव्हता पाइपले. मालकनी ऐकं नही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शुं कहे छे?"

मी गुजरातीत म्हणालो, "तो म्हणतो, मोरी आधीपासूनच चोंदलेली होती. पाणी तुंबलेलं. आम्ही फक्त तोंडाशी डागडुजी केली होती. त्याला बाकी काही माहीत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं, गुजरातीत. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, साहेबांकडे नाही. मग त्याचा डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उमटवला. मी त्याचा हात धरला होता, कारण उजवा प्लॅस्टरमध्ये होता.

चौकशी तिथेच संपली. पावसाने अपघात झाला असं ठरलं. शेठने मला बढती दिली, इच्छापोरकडच्या मोठ्या कामावर पाठवलं. पंधरा दिवसांनी मला मुलगी झाली. दादाने एका हाताने तिला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. माझ्याशी तो बोलायचा, पण जेवढं लागेल तेवढंच.

दिवाळीनंतर त्याने गावी जायचं ठरवलं. एका हाताने लूम चालत नाही आणि भिंतही चढत नाही. मी त्याला एसटीवर सोडायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी दवाखान्यात..."

त्याने हात वर करून मला थांबवलं. "माले ठाऊक शे."

"तुले कसं ठाऊक?"

"बारा वरीस लूमवर कोनाले आयकू येस? आम्ही सगळा ओठ वाचतस. मराठी, हिंदी, गुजराती, सगळी. तू काय बोलना ते मी दखं."

मी विचारलं, "मंग अंगठा कसाले दिधा?"

तो रस्त्याकडे बघू लागला. "तुन्ही बायको दिवसवर व्हती," एवढंच म्हणाला. मग, "मासीले कोन व्हतं?"

गाडी आली. मी त्याची पिशवी वर ठेवली. तो खिडकीशी बसला आणि गाडी सुटेपर्यंत त्याने तोंड दुसरीकडे ठेवलं. माझे ओठ त्याला वाचायचे नव्हते. गावी तो आणखी चार वर्षं जगला. मी दर वर्षी जायचो. मोरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो वारल्यावर आठवड्याभरात मी शेठचं काम सोडलं. खरं काय झालं ते लिहून मी चौकशीच्या कचेरीत गेलो. ते साहेब बदलून गेले होते. कारकुनाने कागद वाचला, मला बसायला सांगितलं, चहा पाजला. म्हणाला, "फाइल बंद झालीय. उघडायची तर मयताच्या वारसाने अर्ज करावा लागतो. तुम्ही वारस आहात?"

वारस शोधायला मला दोन महिने लागले. पुजाऱ्याकडून कळलं की मासीच्या बहिणीची एक मुलगी बारडोलीला असते, शाळेत शिकवते. एका रविवारी बसने गेलो. ती दारातच उभी राहून ऐकत होती. मी सगळं सांगितलं, नकाशापासून अंगठ्यापर्यंत. काही गाळलं नाही. ती रडली नाही. तिने विचारलं, "तुम्ही फोन करायला गेलात तेव्हा ती जिवंत होती?"

मी म्हटलं, "असेल."

"असेल की होती?"

"होती."

तिने मला आत घेतलं, टेबलावरच्या वह्या बाजूला सारल्या आणि कोरे कागद दिले. "हे लिहा. गुजरातीत. तारखेसकट." माझी गुजराती लिहायची सवय कच्ची होती. ती शेजारी उभी राहून चुकलेली अक्षरं सांगत होती, शाळेतल्या मुलाला सांगावीत तशी. शेवटी मी सही केली. तिने कागद दोनदा वाचला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"तुमचा पत्ता द्या," ती म्हणाली. "बोलावलं तर यावं लागेल."

मी पत्ता लिहून दिला. त्यानंतर आम्ही तीन घरं बदलली. दर वेळी मी तिला कार्ड टाकून नवा पत्ता कळवला. एकाही कार्डाला उत्तर आलं नाही, आणि मला कोणी बोलावलंही नाही.